अकरा डब्या, एक बेडका

आमचं घर म्हणजे नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या कडेला पत्र्याची एक खोली. आत पाच माणसं: आई, वडील, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी घरात कुणी थांबतच नसे, आम्ही भावंडं विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायचो. दहावीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास त्या ओट्यावर झाला. भाकरी दोन वेळा असायची, तिच्याबरोबर काय असेल ते सांगता यायचं नाही. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं असलं तर आम्ही खूश. कुणाला कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. होतं ते असं होतं.

वडील साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्या खाली करायला जायचे. दंड असे की आम्ही तिघं त्यांना लोंबकळायचो. मी आठवीत होते तेव्हा त्यांना खोकला लागला, मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं. मुकादमानं ते पाहिलं आणि त्याच दिवशी सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." सरकारी दवाखान्यातून टीबीच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिन्यांत वडिलांना भूक लागायला लागली, अंगात ताकद आली, आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर त्यांना कळेल असं सांगितलं नाही. आईनंही आग्रह धरला नाही, कारण गोळ्यांची पुडकी दिसली की वस्तीतली माणसंसुद्धा आमच्या घरचं पाणी प्यायला कचरायची. मी नववीत असताना वडील गेले.

मग आई कामाला लागली. जवळच्या तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथं झाडलोट करायला रोजंदारीवर. दवाखान्यात टीबीचा एक वेगळा वॉर्ड होता. तिथं झाडायला कुणी राजी नसायचं, म्हणून ते काम आईला लगेच मिळालं. ज्या रोगानं नवरा गेला त्याच रोगाच्या खोल्या ती रोज सकाळी फिनेलनं पुसायची. त्यावर आमचं घर चाललं आणि त्यावरच मी शिकले.

अकरावीला सायन्स घ्यायला मला कुणी सांगितलं नाही. मीच घेतलं. बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात पहिली. घराण्यात कशाला, आमच्या आळीत पहिली. मग लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला नगरला गेले. सकाळी सावेडीतल्या एका बंगल्यात पोळ्या लाटायच्या आणि अकराच्या आत कोर्सला हजर व्हायचं, असं वर्ष काढलं. कोर्स संपला आणि मला नोकरी लागली ती नेमकी आईच्याच दवाखान्यात. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. पांढरा कोट घालून मी मायक्रोस्कोपसमोर बसायची आणि बाहेर पॅसेजमध्ये आईच्या झाडूचा आवाज यायचा.

दवाखान्यात आई मला मॅडम म्हणायची. मी चिडायचे.

"आई, काय चालवलंयस?"

"मॅडमला मॅडम न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं? शिकवली कशापायी मग?"

असं म्हणून ती सगळ्यांसमोर हसायची. तिला ते म्हणायला आवडायचं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आमच्याकडे दरवर्षी स्टाफची तपासणी व्हायची. कायम नोकरीतल्यांचा छातीचा एक्स-रे निघायचा. रोजंदारीवरच्या बायकांचं काहीच व्हायचं नाही, कारण त्या स्टाफमध्ये धरलेल्याच नव्हत्या. एका वर्षी टीबी वॉर्डातली एक सिस्टर टीबीनंच आजारी पडली आणि मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे प्रमुख, हादरले. त्यांनी हुकूम काढला: या वेळी रोजंदारीवाल्या अकरा जणींचीही तपासणी करायची. एक्स-रेची फिल्म महाग, म्हणून त्यांचा नुसता बेडका तपासायचा.

मी अकरा डब्या काढल्या, चिकटपट्टीवर एक ते अकरा आकडे घातले आणि बायकांना रांगेत उभं करून समजावलं. "सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल खोकून जो पडेल तो बेडका पाहिजे. तोंडातली थुंकी नको." आईचा नंबर सात होता. तिनं डबी घेतली, पदरात टाकली आणि म्हणाली, "व्हय मॅडम."

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा डब्या वेळेवर आल्या. मला वाटलं, काय शिस्तीच्या बायका आहेत.

आमच्याकडे बेडका काचपट्टीवर पसरवायला झाडूच्या काड्या वापरत. काडी मोडायची, टोकानं बेडका उचलायचा, पट्टीवर फासायचा, काडी जाळून टाकायची. मी पहिल्या डबीत काडी घातली आणि बेडक्यात काळे ठिपके दिसले. भाजलेल्या तंबाखूची मिश्री. त्यात नवल नाही, आमच्याकडच्या निम्म्या बायका सकाळी मिश्री लावतात. दुसऱ्या डबीत मिश्री. तिसऱ्या डबीतही. चौथी आणि पाचवी डबी दोन ख्रिस्ती मावश्यांची होती, आणि त्या दोघींनी चर्चमध्ये शपथ घेऊन मिश्री सोडलेली होती. चारच दिवसांपूर्वी मला त्यावर मोठं भाषणही दिलेलं. त्यांच्याही डबीत मिश्री.

मग मी मधली सहावी सोडून सात नंबर उघडला. माझ्या आईनं जन्मात मिश्रीला हात लावला नाही. तिला त्या वासानंच मळमळायचं. सात नंबरच्या डबीत काळे ठिपके तरंगत होते.

मी उरलेल्या डब्या उघडून ओळीनं मांडल्या. रंग तोच, तार तीच, ठिपके तेच. अकरा डब्या, पण बेडका एकाच बाईचा.

पहिल्यांदा मला हसू आलं. ते लगेच थांबलं. आई गेला महिनाभर खोकत होती. घरी रोज माझ्या कानावर पडत होतं. "थंडीचा हाय," ती म्हणायची, आणि दिवसभर दुसऱ्यांचे बेडके तपासणारी मी "हं" म्हणून झोपी जायची. हे मी लपवणार नाही. चूक माझी होती.

दुपारच्या सुट्टीत बायका दवाखान्यामागं धुण्याच्या दगडाजवळ जेवायला बसायच्या. मी अकराही डब्या ट्रेमध्ये घालून तिथं घेऊन गेले.

"कुणाचा आहे हा?"

सगळ्या भाकरीकडे बघायला लागल्या. शेवटी सोनईची मावशी बोलली. ती लग्न होऊन इकडं आलेली, माहेर सोनई, म्हणून तिचं नाव ते. अकरा जणींत सगळ्यात धडधाकट. भरलेलं पाण्याचं पिंपसुद्धा ती एकटी ओढायची.

"माजा हाय. मग? वाईट हाय का? न्हाई न्हवं? निरोगी बेडका हाय, म्हनून तर समद्यास्नी वाटला."

"वाटला?"

"फुकट न्हाई वाटला. हरेकीनं एकेक कप च्या पाजला. अकरा जनींचा बेडका काढायचा म्हंजी काय सोपं हाय का, ताई? पहाटंपासून खोकती हाय. आता खरंच घसा दुखायला लागलाय."

बायका खो खो हसल्या. मी हसले नाही तशी त्या गप्प झाल्या. मग त्यांतली एक हळूच म्हणाली, "ताई, तीन वर्सांमागं इथल्या एका आयाबाईला टीबी निघाला. तिला म्हनले, घरी जा, बरी झाली की ये. बरी हून आली तर तिच्या जागी दुसरी हुती. तुमी त्या टायमाला नव्हता. आमी हुतो."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आई, तू पण?"

"मी काय ह्यांच्यापेक्षा न्यारी हाय का?" ती म्हणाली. त्या दिवशी मॅडम नाही म्हणाली. "तुज्या बापाला मुकादमानं कसं काढलं, इसरली का तू?"

"चल लॅबमध्ये. आत्ताच्या आत्ता तुझा बेडका बघते."

"न्हाई. ह्या धा जनी तुज्या कुनी न्हाईत म्हनून त्यांनी भ्यायचं, आन् मी तुजी आई म्हनून माजं गुपचूप बघायचं? मी देनार तर ह्यांच्यासंगं देनार. न्हाई तर न्हाई."

तिचा हट्ट मला माहीत होता. मी तिचीच मुलगी. ट्रे उचलला आणि सरळ मोठ्या डॉक्टरांच्या केबिनला गेले.

मोठे डॉक्टर तापट होते, पण ऐकून घेणारे होते. फक्त त्यांना ऐकायला लावावं लागायचं.

"झाले का रिपोर्ट?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही सर. लिहिणार पण नाही."

आता मान वर झाली. मी त्यांना सगळं सांगितलं. मिश्रीचं सांगितलं, चहाचंही सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"दवाखान्याची फसवणूक आहे ही! उद्याच्या उद्या सगळ्या घरी पाठवतो."

"पाठवा. परवा नव्या अकरा येतील. त्या पण हेच करतील."

"का करतील?"

"कारण खरा बेडका दिला तर काम जातं, खोटा दिला तर राहतं. सर, सिस्टर आजारी पडली तेव्हा तिला आपण पगारी रजा दिली. ती याच वॉर्डात काम करत होती. माझ्या आईनं त्याच वॉर्डाची फरशी पुसली. जंतूला कुठं कळतं, कोण कायम आणि कोण रोजंदारी?"

ते खुर्चीत मागं टेकले. "तू टेक्निशियन आहेस का पुढारी?"

"टेक्निशियन आहे, म्हणून सांगते. हे अकरा रिपोर्ट मी निगेटिव्ह लिहून सही करू शकते. कुणाला कळणार नाही. पण उद्या यांतल्या एकीला टीबी असला, तर ती बाळंतिणीच्या वॉर्डात पण झाडते, सर."

त्यांनी ट्रेमधल्या डब्यांवरून नजर फिरवली. मग विचारलं, "तुझी आई पण यांच्यात आहे ना?"

"आहे. सात नंबर."

"म्हणून एवढी भांडतेस?"

"हो. आई नसती तर इतकं भांडले असते की नाही, ते मला माहीत नाही. पण म्हणणं खोटं आहे का?"

मी काय मागितलं ते साधं होतं. दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं की तपासणीत रोग निघाला तर औषध फुकट, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घरी, त्या दिवसांची रोजंदारी चालू, आणि जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, विश्वस्तांना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, तोपर्यंत रजिस्टर कोरं राहील.

बैठक व्हायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मला जड गेले, हे कबूल करते. आईच्या खोकल्याचं मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला वॉर्डातून काढून बागेच्या कामाला लावलं, उघड्यावर. घरी मी तिचं अंथरूण दारापाशी, वाऱ्याला घातलं आणि भावांना पलीकडच्या भिंतीला झोपवलं. रोज तिच्यापुढं डबी ठेवायची. रोज ती डबी उचलून फळीवर ठेवायची.

"कागूद आला का?"

"अजून नाही."

"मग न्हाई."

एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, मला एक बाप गेलेला पुरे आहे." तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि बाहेर जाऊन खोकली.

नवव्या दिवशी कागद आला. वर शिक्का, खाली सही. विश्वस्तांपैकी एकदोघांनी बरीच कुरकुर केली, असं मागाहून कळलं. डॉक्टरांनी त्यांना म्हणे माझंच वाक्य ऐकवलं, बाळंतिणीच्या वॉर्डाचं. मी तो कागद घेऊन धुण्याच्या दगडावर उभी राहिले आणि मोठ्यानं वाचला. मग बायकांनी मला परत वाचायला लावला. सोनईच्या मावशीनं कागद हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"शाईचा हाय न्हवं? फुसून जायाचा न्हाई?"

"नाही जायचा, मावशी."

"मंग माजी आता सुट्टी. ज्याचा त्यानं खोका गं बायांनो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा डब्या आल्या आणि त्या अकरा तऱ्हांच्या होत्या. काहींत नुसती थुंकी, त्या तिथल्या तिथं परत भरून घेतल्या. ख्रिस्ती मावश्यांच्या डब्या स्वच्छ. सोनईच्या मावशीच्या डबीत नेहमीसारखी मिश्री. सात नंबर पिवळट आणि घट्ट.

मी सगळ्या पट्ट्या रांगेनं केल्या. सात नंबर आधी उचलायचा मोह झाला, पण नाही उचलला. लाल रंग टाकायचा, खालून स्पिरिटचा दिवा फिरवून वाफ येऊ द्यायची, धुवायचं, ॲसिड, परत धुवायचं, मग निळा रंग. सहापर्यंत मी निळ्या पट्ट्या पाहिल्या. निळ्याशिवाय काही नव्हतं. सातवी लावली. निळ्यावर बारीक लाल काड्या, दोन-दोन, तीन-तीनच्या झुपक्यानं. टीबीच्या जंतूंच्या अशा काड्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. तरी पट्टी काढली, त्याच डबीतून दुसरी बनवली, परत रंगवली. तेच दिसलं.

आमच्याकडे पॉझिटिव्ह रिपोर्ट लाल शाईनं लिहायची पद्धत होती. मी लाल पेन घेतलं, आईचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं पॉझिटिव्ह लिहिलं आणि सही केली. नंतरच्या चार पट्ट्याही तपासल्या, त्या निगेटिव्ह होत्या. मगच उठले.

आई बागेत कुंड्यांना पाणी घालत होती.

"निघाला?" तिनंच विचारलं.

"निघाला."

"बाकीच्यांना?"

"कुणालाच नाही. तुला एकटीलाच."

तिनं झारी खाली ठेवली. "चला, लई बरं झालं. म्हंजे मी घरी बसायचं?"

"दोन महिने. पगारी."

"पगारी बसून काय करतात गं?"

"खातात. अंडी खातात, गोळ्या खातात, झोपतात."

"तुज्या बापाला ह्यातलं एक बी मिळालं न्हाई," ती म्हणाली आणि परत झारी उचलली. मी तिच्या हातातून काढून घेतली.

औषधं सहा महिन्यांची होती. लघवी केशरी व्हायला लागली तेव्हा आई घाबरली, मी तिला ते औषधानं होतं म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी पट्टी निळी आली, एकही लाल काडी नाही. आईचे गाल भरले, आवाज मोकळा झाला, आणि एका सकाळी तिनं गोळ्या हातात घेऊन म्हटलं, "आता बास की. मी बरी हाय."

हेच वाक्य मी आठवीत वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. पण आता मी आठवीत नव्हते. तिला हाताला धरून लॅबमध्ये नेलं, वॉर्डातल्या एका पेशंटची पट्टी मायक्रोस्कोपखाली लावली आणि तिला स्टुलावर बसवलं. इतकी वर्षं ती खोली तिनं झाडली होती, पण त्या स्टुलावर कधी बसली नव्हती.

"एक डोळा मिट. काय दिसतं?"

"निळं हाय... आन् लाल लाल काड्या हायेत बारक्या."

"या माणसानं दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. त्याला पण बरं वाटत होतं."

तिनं बराच वेळ पाहिलं. डोळा काढला नाही. मग म्हणाली, "तुज्या बापाला ह्ये कुनी दाखवलं असतं तर त्यो मूर्ख न्हवता." आणि तिथंच, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं, त्या दिवसाच्या गोळ्या गिळल्या. त्यानंतर उरलेले चार महिने मला एकदाही आठवण करावी लागली नाही. उलट रविवारी मी उठायच्या आत तिच्या गोळ्या खाऊन झालेल्या असायच्या.

ती घरी होती ते दोन महिने तिची जागा खरंच रिकामी ठेवली होती. सोनईच्या मावशीनं स्वतःचा पॅसेज झाडून आईचाही झाडला, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकवत झाडला. "माजा बेडका चालला न्हाई, आता झाडू तरी चालवून घ्या!" आई कामावर परतली त्या दिवशी कुणी हार घातला नाही. मावशीनं तिच्या हातात झाडू दिला आणि म्हणाली, "घे बाई तुजं. लई मोठा पॅसेज हाय तुजा." बास, एवढंच.

माझ्या दोन्ही भावांची तपासणी मी केली. दोघंही स्वच्छ निघाले. आईचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावर शेवटची पट्टीही मीच केली आणि रजिस्टरमध्ये निळ्या शाईनं निगेटिव्ह लिहिलं.

पुढच्या वर्षी स्टाफच्या तपासणीची यादी टाइप झाली, तेव्हा त्या अकरा जणींची नावं कायम नोकरीतल्यांच्या यादीतच, त्यांच्याखाली सलग अनुक्रमांकानं आली. एक्स-रेही सगळ्यांचा निघाला. त्यानंतर मी त्या लॅबमध्ये होते तितकी वर्षं दरवर्षी प्रत्येकीची तपासणी झाली. आणखी दोघींना टीबी निघाला, दोघी पूर्ण औषध घेऊन बऱ्या झाल्या, आणि तपासणीमुळे एकाही बाईचं काम गेलं नाही.